फोनची डुलकी आणि मावशीचं कपाट

नमस्कार श्रोतेहो.

आज फोनच्या झोपेबद्दल बोलू या. फोन नुसता पडून असतो तेव्हा तो अखंड टॉवरकडे कान लावून बसलेला नसतो, डुलक्या घेत असतो. इंजिनिअर मंडळींनी या प्रकाराला लांबलचक नाव दिलंय, मी डुलकीच म्हणते. फोर-जीमध्ये ही डुलकी साधारणपणे ०.३२, ०.६४, १.२८ किंवा २.५६ सेकंदांची असते, कोणती ते नेटवर्क ठरवतं. डुलकी संपली की फोन क्षणभर जागा होतो, टॉवर आपल्याला पुकारतोय का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. १.२८ सेकंदांचा हिशेब धरला तर दिवसातून ६७,५०० वेळा. डुलकी लांब असली तर बॅटरी वाचते, पण फोन थोडा उशिरा वाजतो. आखूड असली तर फोन चटकन वाजतो, पण बॅटरी जाते. पुन्हा सांगते, लांब डुलकी म्हणजे बॅटरीची बचत आणि वाजायला उशीर.

आता माझ्या मावशीची गोष्ट सांगते.

मावशीची मुलगी दुसऱ्यांदा बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि चार वर्षांचा थोरला नातू मावशीजवळ होता. त्याला आजीचा फोन दिसला की हवाच. म्हणून मावशी दिवसभर फोन लोखंडी कपाटात ठेवायची, दार घट्ट लावून. संध्याकाळी बाहेर काढावा तर बॅटरी तळाला गेलेली. "अगं, मी हातसुद्धा लावत नाही, तरी कशी संपते?" असं ती मला दोनदा म्हणाली होती आणि दोन्ही वेळा मी नीट लक्ष दिलं नाही. मग तिनं कुणाला तरी विचारून बॅटरी बचतीचा मोड सुरू केला, तोही सगळ्यात कडक.

त्या रात्री फोन उशाशी घेऊन ती आडवी झाली. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. फोन वाजला नाही, म्हणजे अजून काही झालं नसणार, अशी मनाची समजूत घालत राहिली. सहा वाजता तिनं मेसेज उघडायला घेतले आणि एकामागोमाग एक एकोणीस मेसेज धडाधड येऊन पडले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, बाळाचा फोटो, साऱ्या नातेवाइकांची अभिनंदनं. पहिला मेसेज रात्री पावणेतीनचा! सगळ्या गोतावळ्याला कळलं होतं, बाळाची आजी तेवढी राहिली होती. मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. "मी जागीच होते गं. फोन हाताशी होता. वाजलाच नाही."

मी तडक तिच्याकडे गेले आणि फोन तपासला. फोनला काहीही झालेलं नव्हतं, त्याला सांगितलेलं काम त्यानं चोख केलं होतं. बचतीच्या मोडनं मेसेजच्या अ‍ॅपला झोपवलं होतं. जावयानं साधा कॉल केला असता तर फोन खणखणला असता, कारण कॉलचा पुकारा टॉवरकडून थेट येतो आणि तो ऐकायला फोन डुलकीतून उठतोच. मेसेजचं तसं नाही. अ‍ॅपला मागच्या मागे इंटरनेट मिळालं तरच मेसेज पोचतो आणि बचतीत नेमकं तेच आवळलं जातं. जावयाला वाटलं, सासूबाई झोपल्या असतील, कशाला उठवा. मी तर म्हणते, बाळ जन्मल्याची बातमी माणसाच्या आवाजातच कळवावी. आजीला त्यासाठी झोपेतून उठवलेलं चालतं.

पण बॅटरी मुळात संपत का होती? कपाटामुळे. लोखंडी पत्र्याआड रेंज जेमतेम येते, मधूनच जाते. रेंज गेली की डुलकी कसली! फोन वणवण करत टॉवर शोधत राहतो. सापडलाच तर अंधूक, मग त्याच्यापर्यंत आवाज पोचवायला जोर लावावा लागतो. फोर-जी फोन सहसा जास्तीत जास्त ०.२ वॅटनं बोलतो, पण टॉवर स्वच्छ ऐकू येत असेल तर त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी शक्तीत भागतं. मी फोन खिडकीपाशी, नातवाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला आणि बचत बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक! पुन्हा सांगते, कारण हेच बहुतेक घरांत निसटतं: कमजोर रेंज बॅटरी खाते. आधी फोनची जागा बदला, बचतीचं मग बघा.

वेळ थोडा उरलाय, म्हणून आणखी एकच हिशेब. फोननं इवलासा निरोप पाठवला तरी त्याच्यातला रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही, आणखी काही येईल म्हणून जागा राहतो, बऱ्याचदा दहा सेकंदांच्या आसपास. एखादं अ‍ॅप दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारत असेल तर दिवसाच्या १४४० हाका, गुणिले १० सेकंद, म्हणजे ४ तास जागरण. म्हणूनच चांगली फोन-प्रणाली अशा हाका एकत्र बांधून एकदम पाठवते. अ‍ॅप्स सारखी ढकलून बंद करायची सवय मात्र मला पटत नाही, पुन्हा उघडताना सगळं नव्यानं भरावं लागतं. आणि मोबाइल नेटवर्कवरून आपले आकडे कळवणारी पाण्याच्या मीटरसारखी यंत्रं घ्या. त्यांना घाई नसते, त्यामुळे त्यांची डुलकी तासांची असली तरी चालते. एका बॅटरीवर १० वर्षं निघावीत, हेच तर त्यांच्या नेटवर्कचं उद्दिष्ट होतं.

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीखाली अ‍ॅप्सची यादी असते. ज्या अ‍ॅपवर घरच्यांचे निरोप येतात, तेवढ्याला बचतीतून सूट द्या. बाकीची झोपू देत.

मावशीनं ती सूट दिली आहे. शिवाय जावयाला बजावलंय, रात्रीचे कितीही वाजले असले तरी फोन कर. नमस्कार.