गोल सांगितला, काढलं पडवळ

[अर्धं उघडलेलं शटर. मागांचा खटखटाट. दहा सेकंद काही बोलायचं नाही.]

या आवाजात वाढलेल्या माणसाला शांत गावात झोप लागत नाही म्हणतात, खरं असेल. सोलापूर, पूर्व भाग, सकाळचे साडेसात. पुढच्या शेडमध्ये चादरीचे माग चालू आहेत आणि मागच्या खोलीत, जिथं आधी कांड्यांची पोती पडलेली असायची, तिथं टेबलावर हे असं. लोखंडी अँगलची चौकट, खाली प्लायवूड, तीन मोटरी, तीन रंगांच्या आणि वायरींचा गुंता. सीएनसी मशीन आहे हे, म्हणजे कॉम्प्युटरनं दिलेल्या आकड्यांवर चालणारं, कापणारं-कोरणारं मशीन. हसू नका, चालतं.

बनवणारे दोघं. भाचा डिप्लोमा झालेला आणि मामा बत्तीस वर्षं जॅकार्डचे, म्हणजे मागावर डिझाइन उठवणाऱ्या यंत्राचे फिटर, शाळा सातवीपर्यंत. मामा आणि भाचा आपसात तेलुगूत बोलतात, आपल्याशी मराठीत आणि मशीनशी दोन्ही भाषेत, त्यातलं काही कापावं लागलंय.

[भंगारचं दुकान. प्रिंटरांचा ढीग.]

सुरुवात इथनं. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बंद पडलेली झेरॉक्स मशीनं, सगळं किलोवर. इथं आलेल्या मोटरीचं पुढं काय होतं माहितीये का, तांब्यासाठी फोडतात. चांगली चालू मोटर. आणि तिकडं पोरं तयार किट मागवतात, हप्त्यावर. असो.

हा हात बघा. मोटर उचलायची, शाफ्ट बोटानं फिरवायचा. टक टक टक लागलं की स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणारी मोटर, गुळगुळीत फिरला की साधी डीसी मोटर, ठेवून द्यायची. अलीकडच्या इंकजेटमध्ये बहुतेक डीसीच निघते, सोबत ती पारदर्शक पट्टी असते रेघारेघांची, त्यामुळं मामा इंकजेटकडं बघतच नाहीत. डॉट मॅट्रिक्समध्ये मोटरीबरोबर गुळगुळीत पोलादी रॉड पण मिळतात आणि झेरॉक्समध्ये दणकट मोटर, वर 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय.

आता वायरी. चार असल्या तर प्रश्नच नाही, दोन कॉइल. कुठल्या दोन एकीच्या ते मीटर नसताना कसं ओळखायचं तर हे असं, कुठल्याही दोन वायरी एकमेकींना पिळून शाफ्ट फिरवायचा, एकदम जड लागला की जोडी सापडली. सहा असल्या तर मीटर घ्यायचा, मधली वायर टोकाशी निम्मा रेझिस्टन्स दाखवते, दोन्ही मधल्या सोडून द्यायच्या आणि टोकाच्या चार वापरायच्या. पाच वायरींवाली मोटर भाच्यानं कोपऱ्यात टाकली, तिच्यात मधल्या दोन्ही आतच जोडलेल्या असतात.

[कॅमेरा मागाच्या डोक्यावर जातो. कार्डांची माळ फिरतेय.]

इथं जरा थांबू, कारण या व्हिडिओचं खरं कारण हे आहे. ती पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ दिसते ना, तीच चादरीवरचं डिझाइन ठरवते. कार्डात भोक असलं की सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला घेऊन जाते आणि उभा धागा उचलला जातो. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, हूक पट्टीपासून सुटतो, धागा खालीच. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. मोराला किती कार्डं लागतील ते मामा ग्राफ पेपरवरचे चौकोन मोजून सांगतात.

जॅकार्ड हे फ्रान्समधल्या एका माणसाचं नाव. लिऑंमध्ये 1804 च्या सुमारास त्यानं हे केलं. आणि 1952 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं तेव्हा त्याला हुकूम द्यायला काय होतं? भोकं पाडलेली कागदी पट्टी. भाच्यानं हे मामांना मोठ्या कौतुकानं सांगितलं तर मामा म्हणाले, "मग ह्यात नवीन काय हाय बे?"

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या चादरीची सुई न सुई ओळखणाऱ्या फिटरला मात्र आपण हेल्पर म्हणतो. एवढं बोलून पुढं जातो.

[कागद. पेन. मशीन पहिल्यांदा चालू.]

पहिल्या दिवशी कटर लावला नव्हता, पेन लावला होता, हे सगळ्यांनीच करावं. अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, त्यात मोटरींना हुकूम देणारं जीआरबीएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर, वर तीन ड्रायव्हर, म्हणजे मोटरींना करंट देणारे बोर्ड. गोल काढायला सांगितला आणि मशीननं काढलं... हे. पडवळ.

भाचा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. मामांनी काय केलं, दोन्ही मोटरी खोलल्या, शाफ्टला पेनानं खूण केली आणि बोटानं फिरवत टक टक मोजत बसले. एकीची खूण पन्नाशीच्या आतच परत वर आली. दुसरीचे पन्नास मोजले तरी पावच फेरा.

झालं होतं असं की मशीनच्या दोन दिशा, एक्स आणि वाय. वायवरची मोटर झेरॉक्सची, 1.8 अंशाचा टप्पा, 200 टप्प्यांत एक फेरा आणि एक्सवर प्रिंटरची पत्र्याची मोटर, 7.5 अंशाचा टप्पा, 48 मध्येच फेरा. स्क्रू म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला 8 एमएमचा आटेवाला रॉड, फेऱ्याला 1.25 एमएम सरकतो. ड्रायव्हर टप्प्याचे आठ तुकडे करतो. 200 गुणिले 8 भागिले 1.25, आले 1280, एक एमएमला एवढे पल्स, म्हणजे मोटरीला द्यायचे झटके. हाच आकडा दोन्हीकडं टाकलेला. एक्सला हवे होते 307.2. मग चौपट ताणलेला गोल पडवळच होणार. नंतर ती मोटर काढून एक्सवरही झेरॉक्सची लावली, पडवळाचा कागद मात्र भिंतीवर आहे.

[ड्रायव्हरचा क्लोजअप. स्क्रूड्रायव्हर.]

नखाएवढा बोर्ड आहे, ए4988. याच्यावरच्या छोट्या स्क्रूनं करंट ठरतो. भंगारच्या मोटरीवर करंट लिहिलेलाच नसतो, म्हणून कमीवरनं सुरू करायचं, मोटर टप्पे चुकवायला लागली की किंचित वाढवायचं आणि मोटरीवर हात ठेवून बघत राहायचं. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याच्या खोलीत ड्रायव्हरची उष्णता काढणारा हीटसिंक एकटा पुरत नाही, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. आणि सप्लाय चालू असताना मोटरीची वायर उपटायची नाही. दोन ड्रायव्हर असेच गेले, दोन्ही वेळा भाचाच होता.

पुढं कटर बसला, एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, पाट्या कापल्या, चार ऑर्डरी आल्या, भाच्याला पुण्यात नोकरी लागली, आता तो महिन्यातनं दोनदा येतो.

[मामा एकटे. टेबलाजवळ.]

शेवटची अडचण उरली होती. मशीन उलट दिशेला फिरलं की नटातल्या ढिलाईमुळं रेघ जरा चुकायची, मोराची चोच जुळायची नाही. यासाठी वेगळा नट विकत मिळतो. मामांनी एकाच रॉडवर दोन साधे नट घेतले, मध्ये मागाची स्प्रिंग दाबून बसवली आणि नट फिरू नयेत म्हणून पट्टी मारली.

[मामा स्टार्ट दाबतात. पेन टेकतं. पुढचा आवाज मशीनचा आणि मागांचा.]