आजीची भाकर आणि दादा कोंडके

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय दादा कोंडक्यांबद्दल. जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईत नायगावला. आधी बँडमध्ये वाजवायचे, मग सेवादलाच्या कलापथकात आले. १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगभूमीवर आलं आणि त्यातला हवालदार गाजला. गाजला कशामुळं? दादा समोरच्या माणसांच्या तोंडाकडं बघून बोलायचे. ज्या गावी खेळ, तिथली भानगड आणि त्या दिवशीचा पेपर, सगळं बोलण्यात यायचं. तोंडाकडं बघून बोलायचे, एवढं ध्यानात ठेवा.

पुढं आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडं शब्द टाकला, १९६९ साली ‘तांबडी माती’ आला. १९७१ ला त्यांचा स्वतःचा ‘सोंगाड्या’.

तो मी पाहिला माळेगावच्या जत्रेत, खंडोबाच्या माळावर. तमाशाच्या फडांशेजारी सिनेमाचा तंबू लागला होता. (तमाशाला नाक मुरडणाऱ्यांनी त्या माळावर एक रात्र काढावी, असं माझं पक्कं मत आहे.) मी दहा वर्षांचा. मार्गशीर्षातली थंडी. आजीनं मला घोंगडीत घेतलं आणि आम्ही बायकांच्या बाजूला मातीत बसलो. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं रीळ चढेपर्यंत थांबायचं.

तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नाम्याला, म्हणजे दादांना, आई घराबाहेर काढते, ठाऊक आहे ना? ते झालं, थोड्या वेळानं रीळ संपलं, दिवा लागला. लोक अजून हसत होते. माझी आजी मात्र उभी राहिली आणि कोऱ्या पडद्याकडं बघून ओरडली, “आरं लेकरा, उपाशी झोपू नको! मह्याकडं भाकर हाय!”

मला वाटलं, आता सगळे आजीला हसणार. कुणी हसलं नाही. शेजारची बाई म्हणाली, “मह्याकडं ठेचा हाय, मावशी.”

भाकर ज्वारीची होती. थंडीत ज्वारीच्या भाकरीला तोड नाही, हे मी कुठंही सांगेन.

पुढं दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, गिनीज बुकात नोंद झाली. पण मला त्यांचं यश कळलं ते त्या तंबूत. लोकांच्या तोंडाकडं बघून बोलणारा माणूस पडद्यावर गेला, तरी माझ्या आजीला तो आपल्याकडंच बघतोय असं वाटलं.

खेळ सुटला. आजीनं फडक्यातली एक भाकर काढून दारावरच्या तिकीटवाल्याच्या हातात दिली. “त्याला दे रं बाबा.”

त्यानं भाकर कपाळाला लावली.

“देतो, आजी. उद्या तीन खेळ हायेत, भूक लागंल त्याला.”