‘पडदे चरई’ या नावाने सेव्ह करा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात मला एका बाईंचा फोन आला. ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे एका नव्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर त्यांना फ्लॅटचा ताबा मिळाला होता. "ताई, सात खिडक्या आहेत, माप घ्यायला कधी येताय?" इतक्या ओळखीच्या सुरात बोलल्या की मला वाटलं, जुन्या गिऱ्हाईक असणार. नाव काही आठवेना. शेवटी विचारलंच. तर म्हणाल्या, "तुम्ही नाही ओळखत मला. दोन वर्षांपूर्वी घंटाळीला, सहयोग मंदिरातल्या प्रदर्शनात तुमच्या टेबलापाशी पाच मिनिटं उभी होते. घेतलं काहीच नव्हतं. पण तुमचं स्टेटस रोज बघते."

फोन ठेवला आणि मी विचार करत बसले. हे काम मला कुणी मिळवून दिलं? प्रदर्शनातल्या त्या पाच मिनिटांनी, की मोबाईलवरच्या दोन वर्षांनी?

ठाण्यातच, चरईत आमचं पडदे शिवण्याचं काम चालतं. चार मशीन आणि माझ्यासकट पाच बायका. पडदे, सोफ्याची कव्हरं, लोड-तक्क्यांचे अभ्रे. लहान धंदा वाढवताना सोशल मीडियाचा आणि प्रत्यक्ष गाठीभेटींचा काय उपयोग होतो, यावर बोलाल का, असं मला विचारलं गेलं आणि मी लगेच हो म्हटलं. कारण या दोन गोष्टी मी आधी वेगवेगळ्या करत होते आणि त्यात माझे पैसेही गेले, वेळही गेला.

२०२० च्या जुलैमध्ये आपल्याकडे इन्स्टाग्रामवर रील सुरू झाले. लॉकडाऊनमुळे आमची मशीन तेव्हा जवळजवळ बंदच होती. कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नव्हतं, मग माप कसं घेणार? भाचीने मला रील करायला शिकवलं. त्यातलं एक खूप चाललं. पडद्याच्या चुण्या एकसारख्या कशा घालायच्या, एवढंच त्यात होतं. फोन वाजायला लागला. इंदूरहून, लातूरहून, बेळगावहून. कौतुक मनापासूनचं होतं, पण काम एकही झालं नाही. पडदा खिडकी बघून, माप घेऊन शिवायचा असतो. माझा धंदा कोपरीपासून गायमुखपर्यंत, आणि फार तर कळव्याला किंवा ऐरोलीला. त्यापलीकडचे हजारो लोक माझं काम बघत असले तरी माझ्या बायकांच्या हाताला त्यातून काम मिळत नाही.

पुढे पैसे देऊन जाहिरात केली, तेव्हाही तीच चूक. बटण दाबलं, पैसे भरले, आणि जाहिरात कुठे दिसावी ते बघितलंच नाही. तिथे नकाशावर एक ठिकाण धरून त्याच्याभोवती किती किलोमीटरपर्यंत जाहिरात दाखवायची, हे ठरवता येतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधी शोधावी, मगच पुढे जावं. घरगुती डबे, ब्लाऊज, गॅस शेगडीची दुरुस्ती, शिकवण्या, मेंदी अशी जी कामं अंतराला बांधलेली असतात, त्यांनी तर नक्कीच.

आता प्रत्यक्ष ओळखींकडे येते. ओळखी वाढवायच्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलातली सभा येते. कोट, नाव लिहिलेला बिल्ला, हातात कार्डांचा गठ्ठा. तशा सभांनाही मी गेले आहे, त्याबद्दल सांगतेच. पण माझ्या धंद्याला सगळ्यात जास्त कामं ज्यांच्यामुळे मिळाली, ते एक सुतारकाका आहेत. वागळे इस्टेटच्या बाजूला राहतात. त्यांच्याकडे कार्ड नाही आणि इन्स्टाग्रामही नाही.

झालं असं. मानपाड्याला एका घरी मी पडदे लावायला गेले, तर पेलमेट, म्हणजे पडद्याचा रॉड झाकणारी खिडकीवरची चौकट, इतका अरुंद की दोन रॉड त्यात बसेनात. पुढे नेटचा पडदा आणि मागे जाड, असं त्या घरच्यांनी ठरवलं होतं. काका तिथेच कपाटाचं काम करत होते. पेलमेट त्यांनीच केलेला. मी त्यांना बाजूला घेऊन दाखवलं, की दुहेरी रॉड लावायचा तर आतून सहा-सात इंच खोली लागते, नाहीतर पुढचा पडदा मागच्याला घासतो. एका कागदावर चित्र काढून मापं लिहून दिली. घरमालकांसमोर मी हे काढलं असतं, तर काका माझ्याशी पुन्हा बोलले नसते. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, "बाई, आनंदनगरला एका घरी पेलमेट करतोय. तुमच्या मापाचा करतोय. पडदे कोण करणार म्हणून मालक विचारतायत."

तेव्हापासून मी माझ्या धंद्याकडे असं बघायला लागले, की गिऱ्हाइकाच्या घरात माझ्या आधी कोण जातं? पीओपीवाला, सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, खिडक्यांना जाळ्या बसवणारा. आणि माझ्यानंतर कोण? ही माणसं माझ्या ओळखीची हवीत. तुमचा धंदा कोणताही असो, हा प्रश्न एकदा कागद घेऊन सोडवा. केकवाल्यांच्या आधी हॉलवाला असतो, डेकोरेशनवाला असतो. शिकवणीवाल्यांच्या आधी वह्या-पुस्तकांचं दुकान असतं. अशा कामाचं कमिशन द्यायचं का, हे मला खूप जणी विचारतात. मी देत नाही. मी त्यांना कामं पाठवते, त्यांच्या कामाचे फोटो काढून देते, आणि कुणाकडून आलेलं काम असेल तर ते पुरं झाल्यावर फोन करून सांगते, काय झालं, गिऱ्हाईक खूश आहे की नाही. हा शेवटचा फोन बरेच जण करत नाहीत. ज्याने आपलं नाव सांगितलं, त्याने स्वतःची अब्रू पणाला लावलेली असते. त्याला निकाल कळायला हवा की नको?

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांनी नोकरी बदलली होती, त्यांना त्याने विचारलं की नोकरीची खबर ज्याने दिली, त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांच्यापैकी शंभरात साधारण १७ जणांनी सांगितलं, वरचेवर, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी. सुमारे ५६ जण म्हणाले, अधूनमधून. आणि २८ जण म्हणाले, क्वचित, वर्षातून एखाद वेळी किंवा तेवढंही नाही. म्हणजे रोजच्या सलगीच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीच उपयोगी पडल्या. कारणही सरळ आहे. माझी नणंद, माझ्या जावा, माझी शेजारीण ज्यांना ओळखतात, त्यांना मीही ओळखते. सुतारकाका ज्या घरांत जातात, ती घरं मला एरवी दिसलीच नसती.

अडचण एवढीच की लांबच्या ओळखी टिकवायला जड जातात. दोनशे माणसांना दर महिन्याला फोन कोण करणार, आणि बोलणार काय? मोबाईलचा खरा उपयोग मला इथे कळला. स्टेटस कुणाच्या दारावर थाप मारत नाही. ज्याला बघायचं तो बघतो, चोवीस तासांनी ते आपोआप जातं. पण त्यात एक मेख आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. तुमचं व्हॉट्सॲप स्टेटस समोरच्याला दिसायचं तर त्याचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर त्याच्याकडे, असे दोन्हीकडे सेव्ह असावे लागतात. ब्रॉडकास्ट लिस्टचंही तसंच. एका यादीत २५६ जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो निरोप पोचत नाही. म्हणजे तुम्ही शंभर कार्डं वाटलीत आणि घरी येऊन शंभर नंबर टिपलेत, तरी पुढचं दार बंदच.

म्हणून प्रदर्शनात मी आता कार्ड पुढे करून थांबत नाही. टेबलावर क्यूआर कोड असतो. तो मोबाईलने टिपला की व्हॉट्सॲपवर माझ्याशी गप्पांची खिडकी उघडते. मी म्हणते, "माझा नंबर आत्ताच ‘पडदे चरई’ या नावाने सेव्ह करता का? वर्षाने लागला तरी सापडेल." माझं नाव त्या विसरणार, हे मी धरूनच चालते. पडदे हवे असतील तेव्हा त्या ‘पडदे’च शोधतील. बाविसाव्या मजल्यावरच्या बाईंकडे माझा नंबर याच नावाने होता. आणि घरी येऊन त्या रात्री मी वहीत लिहिते, कोण भेटलं आणि काय बोललं. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, "घर बुक केलंय, खिडक्या येऊरकडे. उन्हाचं विचारत होत्या." घोडबंदरच्या इमारतींत येऊरच्या डोंगराकडची खिडकी म्हणजे पश्चिम. दुपारी चारनंतर ऊन थेट सोफ्यावर येतं आणि दोन उन्हाळ्यांत कापडाचा रंग उडतो. अस्तर लावल्याशिवाय तिथे पडदा शिवूच नये. आपलं बोलणं कुणी लक्षात ठेवलं, याचं माणसाला किती अप्रूप असतं, ते तुम्ही करून बघा.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे, कारण मी ती केली आणि मला तिचं अजून वाईट वाटतं. पहिल्या-पहिल्या एका प्रदर्शनात सत्तरएक जणींनी वहीत नंबर लिहून दिले होते. त्याच रात्री मी एक ग्रुप काढला आणि सगळ्यांना त्यात घातलं. सकाळपर्यंत निम्म्या बाहेर पडल्या होत्या. एका बाईंनी फोन केला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "मी एकटी राहते. माझा नंबर मी तुम्हाला दिला होता, या सत्तर जणांना नाही." त्या बरोबर होत्या. मी ग्रुप बंद केला आणि प्रत्येकीची वेगळी माफी मागितली. आज मी विचारल्याशिवाय कुणाला कशातही घालत नाही. कुणाच्या घरातला पडदा दाखवायचा असेल तर आधी परवानगी घेते, इमारतीचं नाव, दारावरची पाटी, घरातल्या मुलांचे फोटो, यांतलं काही येऊ देत नाही. लोकांनी आपल्याला घरात घेतलेलं असतं.

आता त्या सभांबद्दल. माधवराव भिडे यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब सुरू केला. आयव्हन मिस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआय या व्यावसायिकांच्या संस्थेत दर आठवड्याला भेटायचं असतं आणि एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस घेतात. कारखानदारांसाठी आपल्या वागळे इस्टेटमध्ये टिसा ही लघुउद्योजकांची संघटना आहे. कुठेही पैसे भरण्याआधी पाहुणे म्हणून जाऊन या आणि एवढंच बघा, की तिथली माणसं तुमच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचणारी आहेत का. सभेत स्वतःबद्दल बोलायला मिनिटभर मिळतं. माझं पहिलं मिनिट "आम्ही सर्व प्रकारचे पडदे शिवतो" यात संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काम कुणीच दिलं नाही. पुढच्या वेळी म्हटलं, "या दोन महिन्यांत ज्यांना घोडबंदरला फ्लॅटचा ताबा मिळतोय आणि ज्यांच्या खिडक्या पश्चिमेला आहेत, असं एखादं घर तुमच्या ओळखीत आहे का?" लगेच तिघांचे चेहरे हलले. ‘सर्व प्रकारचे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कुणाचाच चेहरा आठवत नाही.

स्टेटसला काय टाकायचं, याचा फार बाऊ करू नका. सुविचार आणि फुलांचे फोटो टाकू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. काम दाखवा. आमच्या सुनंदाताई खालची पट्टी दुमडताना कापडाचा उभा धागा बोटाने चाचपून बघतात, मग टाचणी लावतात. वीस सेकंदांचा तो व्हिडिओ मी टाकला होता. आवाज मशीनचाच ठेवला. त्या दिवशी चार जणींनी विचारलं, पडदा एका बाजूला तिरका का पडतो? त्यांना मी उत्तरं लिहिली, धागा सरळ न धरता कापलेलं कापड धुतल्यावर ओढतं. चौघींपैकी एकीचं काम पुढे मिळालं, बाकीच्या तिघी अजून बघतायत. बघू देत.

तर वाघबीळच्या त्या घरी मी मापाची टेप घेऊन गेले. सातही खिडक्या मोजल्या. दिवाणखान्यातली मोठी खिडकी येऊरकडेच होती, अस्तराचं मी काढायच्या आधी त्यांनीच काढलं. बेडरूमचा पेलमेट मात्र चार इंचांचा निघाला, दोन रॉड बसणारच नव्हते. बाई जरा हिरमुसल्या. म्हणाल्या, "आमचा सुतार तर काम आटपून गावी गेला. तुमच्या ओळखीचा आहे का कोणी?"

मी तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर बसून सुतारकाकांना फोन लावला.