तबकडीची मागची बाजू

(दृश्य : दादरमधलं जुनं घर. खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, शेजारी चहाचे कप आणि शेवेची बशी.)

महिन्यातला एक रविवार आमचा ठरलेला असतो. आम्ही सहा जण. सगळ्यात लहान २२ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या काकू ६८ वर्षांच्या. जमतो ते बीटल्स, म्हणजे साठच्या दशकातला लिव्हरपूलचा बँड, ऐकायला. नियम एकच : जी गाणी हॉटेलात, लिफ्टमध्ये, कुणाच्याही मोबाइलवर वाजतात, ती इथे लावायची नाहीत. इथे मान मागच्या बाजूचा. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर, म्हणजे सिंगलवर, पुढे खपणारं गाणं असायचं आणि मागे दुसरं एखादं. ते दुसरं आमचं.

आज पाऊस आहे, म्हणून सुरुवात 'रेन'ने. जून १९६६मध्ये 'पेपरबॅक रायटर'च्या मागे हे आलं. वाद्यं त्यांनी मुद्दाम जलद वाजवली आणि मग टेप हळू फिरवली. म्हणून ड्रमचा आवाज असा भिजल्यासारखा जड लागतो. शेवटी बँडमधल्या जॉन लेननचा आवाज उलटा वाजतो. तो सुलटा ऐकायचाच म्हणून आमच्यातल्या एकीने कॉलेजात असताना कॅसेट उघडून टेप उलटी भरली होती. कॅसेट गेली ती गेलीच. आजही ती सांगताना हळहळते.

कॅसेटवरून गोष्ट पेन्सिलने टेप गुंडाळण्यावर जाते, तिथून गॅलरीत गळणाऱ्या पाण्यावर, सोसायटीच्या मीटिंगवर, आणि मोडलेली छत्री दुरुस्त करणारा माणूस अजून स्टेशनबाहेर बसतो का यावर. सुई केव्हाच लेबलापाशी जाऊन खरखरत असते. मग कुणीतरी उठतं.

(दृश्य : बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या एलपीचं, म्हणजे मोठ्या तबकडीचं, मागचं कव्हर. एक सुरकुतलेलं बोट छापील नावांवरून फिरतं.)

या घरातल्या आजी गाणी फारशी ऐकत नाहीत, पण कव्हरं वाचतात. 'रिव्हॉल्व्हर' त्यांच्या हातात पहिल्यांदा आलं तेव्हा त्या थबकल्या. "अनिल भागवत? हे कुठले भागवत? कोकणातले की घाटावरचे?" एप्रिल १९६६मध्ये लंडनमध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजवणारे हे भागवत. बाहेरच्या वादकाचं नाव कव्हरवर छापलं जाणं तेव्हा दुर्मीळच. आजींच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या बाहेर येऊन बसतात आणि तबला सुरू झाला की मान हलवतात.

आणि आता ते गाणं, ज्याच्यासाठी ही फिल्म करावीशी वाटली. 'द इनर लाइट'.

मार्च १९६८. पुढच्या बाजूला 'लेडी मॅडोना', मागे हे. जॉर्जचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिलीच वेळ. वाद्यांपैकी एकही बीटल्सपैकी कुणी वाजवलेलं नाही, कारण ती वाजली आमच्या शहरात. फोर्टमध्ये, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारी १९६८मध्ये.

जॉर्ज तेव्हा २४ वर्षांचा. 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं संगीत करायला तो मुंबईत आला होता. इथल्या स्टुडिओत मोनो मशीन होतं. एचएमव्हीची रेकॉर्डं काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून मागवलं, आणि ते रेल्वेने आलं. आमच्या २२ वर्षांच्या मित्राला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. तो बंगालमध्ये शिकलाय, त्या लांबच लांब प्रवासात तो अनेकदा बसलाय. त्या गाडीत कुठेतरी कापडात गुंडाळलेलं ते मशीन त्याला दिसतं.

वादक कोण होते पाहा. सरोदवर आशिष खान, बासरीवर २९ वर्षांचे हरिप्रसाद चौरसिया, पखवाजावर महापुरुष मिश्र, हार्मोनियमवर रिजराम देसाद. सिनेमाचं काम उरकल्यावर आणखी काही रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतलीच एक जॉर्ज लंडनला घेऊन गेला.

शब्द आले केंब्रिजहून. हुआन मास्कारो हे तिथले संस्कृतचे विद्वान, गीतेचे आणि उपनिषदांचे अनुवादक. त्यांनी जॉर्जला पत्र लिहून सुचवलं की 'ताओ ते चिंग' या जुन्या चिनी ग्रंथातल्या एका कवितेला चाल लाव. घराचं दार न ओलांडता जग जाणता येतं, असा तिचा आशय. चिनी विचार, स्पेनमध्ये जन्मलेला संस्कृत पंडित, लिव्हरपूलचा गायक आणि फोर्टमधली दुपार. मला हे गाणं जवळचं वाटतं ते यामुळे. कुणी कुणाचं उसनं घेतल्यासारखं त्यात वाटत नाही.

६ फेब्रुवारीला लंडनमध्ये जॉर्ज गायला. सूर वरचा, त्याला धीर होईना. बाकीच्यांनी त्याला हिंमत दिली. काकू म्हणतात, त्या आवाजातला किंचित कंप त्या भीतीचाच आहे. तसं असेल. मला तो कंप गेला तर गाणंच नको वाटेल.

(दृश्य : पाऊस थांबलाय. रेकॉर्ड बदलणारे हात.)

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. रविवार, ४ फेब्रुवारी १९६८. 'अक्रॉस द युनिव्हर्स'साठी वरच्या सुरात गाणारे आवाज हवे होते. लंडनच्या स्टुडिओबाहेर नेहमीप्रमाणे मुली उभ्या होत्या. त्यांतल्या दोघींना आत नेलं : ब्राझीलहून आलेली लिझी ब्राव्हो आणि लंडनची गेलीन पीझ. फाटकाशी ताटकळणाऱ्या दोन चाहत्या बीटल्सबरोबर गायल्या! लेननला मात्र ते रेकॉर्डिंग मनासारखं वाटेना. गाणं बाजूला पडलं आणि सिंगलच्या मागची जागा 'द इनर लाइट'ला मिळाली. त्या दोघींचे आवाज लोकांपर्यंत पोचायला डिसेंबर १९६९ उजाडला, तेही वन्यजीवांच्या मदतीसाठी काढलेल्या एका एलपीवर, पक्ष्यांच्या आवाजांसोबत. आम्ही हे गाणं लावतो तेव्हा कुणी बोलत नाही. शेवेची बशीसुद्धा कुणी उचलत नाही.

(दृश्य : फोर्ट. कामाचा दिवस, संध्याकाळ. दगडी इमारती, झेरॉक्सची दुकानं, चहाची टपरी.)

गेल्या महिन्यात आम्ही फिरोजशहा मेहता रोडवर गेलो. काकू गुडघ्यांमुळे टॅक्सीने आल्या. वाटेत एकाला बँकेत सही द्यायची होती, ती दिली. एकीने फुटपाथवर मोजे घेतले.

जॉर्जने पुढे सांगितलं होतं की इथल्या स्टुडिओत बाहेरचा आवाज थांबत नसे. नीट कान दिला तर काही रचनांमध्ये टॅक्सी जाताना ऐकू येते. आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागे, कारण माणसं धाडधाड जिने उतरत. २०१४मध्ये 'द इनर लाइट'चं गाण्याविना, नुसत्या वाद्यांचं एक टेक बाहेर आलं. ते आम्ही टपरीशेजारी उभं राहून फोनवर लावलं. सरोद, मग बासरी.

साडेपाच वाजले. शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर पावलं वाजायला लागली. आधी दोघं-तिघं, मग लोंढा, खांद्याला डबे, स्टेशनची घाई.

आम्ही गाणं थांबवलं आणि ते सगळे उतरून जाईपर्यंत थांबलो.