लार्सनचं बी३ आणि एच१ वरचा हत्ती

१९७०, बेलग्रेड. बुद्धिबळाची मॅच, सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं सगळं जग, १० पट, आणि पहिल्या पटावर वर्ल्ड चॅम्पियन बोरिस स्पास्कीसमोर डेन्मार्कचा बेंट लार्सन. पांढरी लार्सनकडे, पहिली खेळी बी३, म्हणजे बी या उभ्या रांगेतलं प्यादं तिसऱ्या घरात. मधली प्यादी तशीच ठेवून कडेने सुरुवात, ही त्याची लाडकी ओपनिंग, आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

बहुतेक जण हा गेम थेट चौदाव्या खेळीपासून बघतात. आपण इंजिन, म्हणजे खेळ्या सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, बंद ठेवू, खराखुरा पट मांडू आणि आधीपासून बघू. हा घोडा बघा, एफ३ ला आला, काळ्याने ई४ करून त्याला हुसकावलं, मग डी४, मग सी६ वर मारामारी. एकाच घोड्याच्या तीन खेळ्या आणि शेवटी तो घोडाच पटावर नाही! स्पास्कीने डी-प्याद्याने मारलं, उंटाला वाट मिळाली, डी फाइल, म्हणजे डी ची उभी रांग, मोकळी झाली आणि नवव्या खेळीला वजिराच्या बाजूला कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं.

आता दहावी, एफ४. माझ्या मते गेम इथे गेला, बी३ मुळे नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय कारण कडेच्या ओपनिंगला लोक उगाच नावं ठेवतात. एफ२ रिकामं झालं की एच४ पासून थेट राजापर्यंत तिरकी रेघ उघडी. काळा घोडा जी४ वर, आता वजीर एच४ ला आला की शह, म्हणून जी३ करावंच लागलं, मग त्याच जी३ वर एच५, एच४ करत प्यादं चालून आलं. लार्सनने एच३ केलं, स्पास्कीने घोडा तसाच मरू दिला, एच४ च्या प्याद्याने जी३ चं प्यादं मारलं आणि एच फाइल उघडली.

आणि ही चौदावी. स्पास्कीचा हत्ती एच१!

व्हिडिओ इथे थांबवा, पटावर मांडा, खरंच मांडा. पांढरा हत्ती जी१ वर आहे तोवर काळं प्यादं जी२ ला गेलं की मेलंच, म्हणून त्या पांढऱ्या हत्तीला तिथून ओढून काढायला स्पास्की अख्खा हत्ती देतोय. हत्तीने हत्ती मारला, प्यादं जी२, आणि ते सरकलं तसं जी३ पण रिकामं, वजिराची वाटही साफ. हत्ती एफ१, वजीर एच४ शह, राजा डी१, प्याद्याने एफ१ वरचा हत्ती मारला आणि शेवटच्या ओळीत पोचल्यामुळे त्याचा वजीर झाला. लार्सनने १७ व्या खेळीला गेम सोडला तेव्हा ए१ चा हत्ती आणि बी१ चा घोडा जिथल्या तिथे होते, बघा.

पुढच्या फेरीत लार्सनने स्पास्कीला हरवलं, मॅच सोव्हिएत संघाने २०.५-१९.५ अशी जिंकली.