कचऱ्याचा काढा

[पडद्यावर: शेताकडेची विहीर. पोहरा वर येतो, कोणी हात लावत नाही.]

पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी. ऐंशीच्या दशकापासून शहराचा कचरा इथे येऊन पडत आला, ओला-सुका सगळा एकत्र. विहिरी नासल्या, गावं टँकरवर आली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडवल्याचं शहराच्या लक्षात राहिलं, कारण तेव्हा कुंड्या ओसंडल्या होत्या. विहिरीत नेमकं काय उतरलं, हे फारसं कोणी विचारलं नाही.

त्याला लीचेट म्हणतात. ओल्या कचऱ्याचं स्वतःचं पाणी आणि वरून पावसाचं. थराथरांतून झिरपताना ते भाजीपाला, बॅटऱ्या, रंग, औषधं, जे भेटेल त्याचा अर्क घेत खाली येतं. काढाच म्हणा. रंग कोऱ्या चहाचा, वास डोळ्यांत पाणी आणणारा.

या पाण्यातली घाण सीओडीत मोजतात, म्हणजे ती संपवायला किती ऑक्सिजन लागेल ते. घरगुती सांडपाण्यात हा आकडा लिटरमागे साधारण ५०० मिलिग्रॅम. ताज्या लीचेटमध्ये तो दहा-वीस हजारांच्याही पुढे जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असं पाणी नदी-नाल्यात सोडताना त्याची मर्यादा २५० ठरवली होती.

ताज्या लीचेटचं त्यातल्या त्यात सोपं, जिवाणू ते खातात. पंचाईत जुन्या डेपोची. तिथे खाण्याजोगं होतं ते केव्हाच संपलेलं असतं. उरतात चिवट, तपकिरी ह्युमिक आम्लं आणि वर्षानुवर्षं न हटणारा अमोनिया.

[क्लोज-अप: काचेचं बीकर, काळं पाणी.]

आता हे बघा. आम्ल घालून पीएच तीनच्या आसपास आणला. मग हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट. हो, तोच, पूर्वी शाईत पडायचा तो. वरून हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडं थोडं. पाणी फसफसतं, फेस काठापर्यंत येतो. लोहामुळे पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल मूलकं सुटतात. त्यांचं आयुष्य क्षणाच्याही अंशाचं, पण तेवढ्यात समोर येईल त्या रेणूचे तुकडे पाडतात. लोह आणि पेरॉक्साइडची ही करामत हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवली होती. कचऱ्याशी तेव्हा तिचा काही संबंध नव्हता.

शेवटी चुना. गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसतो, वर फिकट पिवळं पाणी राहतं. तुकडे झालेला माल आता जिवाणूंनाही पचतो. गाळाची सोय मात्र वेगळी लावावी लागते.

अमोनियासाठी अ‍ॅनामॉक्स नावाचे जिवाणू आहेत. ते ऑक्सिजनशिवाय अमोनिया आणि नायट्राइटचा थेट नायट्रोजन वायू करतात. मोठ्या प्रमाणावरचा पहिला प्रकल्प २००२ मध्ये रॉटरडॅमला उभा राहिला, तोही मैल्याच्या गाळातून निघणाऱ्या पाण्यासाठी. हवा कमी लागते, म्हणून वीज वाचते. पण हे विरजण फार सावकाश लागतं. जिवाणूंची संख्या दुप्पट व्हायलाच दहा-बारा दिवस जातात.

आणि आरओ. घरातल्या यंत्राचं थोरलं भावंड, दाब कितीतरी जास्त. नळातून काचेसारखं पाणी येतं, पाहुण्यांना तोच ग्लास दाखवतात. आम्ही दुसरा पाइप दाखवा म्हणतो. शंभर लिटरमागे वीस-पंचवीस लिटर दाट रिजेक्ट, म्हणजे गाळून मागे उरलेलं पाणी, निघतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते परत डेपोवरच सोडतात. क्षार फिरून त्याच पंपात. रिजेक्ट आटवून कोरडे क्षार घातक कचऱ्याच्या बंदिस्त जागी न्यायचे, हा रस्ता आहे. खर्चिक आहे.

हे सगळं टाकीपर्यंत आलेल्या पाण्याचं. जुन्या डेपोंना खाली अस्तरच नव्हतं. जे मुरलं ते मुरलं.

[पडद्यावर: टँकर थांबतो. हंडे रांगेत.]