त्साइडलर: झाडाच्या ढोलीतून आलेलं आडनाव

[दृश्य: जर्मनीतल्या एका चार मजली इमारतीचं दार. शेजारी घंट्यांची पाटी. कॅमेरा हळूहळू एकेका नावावरून खाली येतो.]

जर्मनीत बहुतेक इमारतींच्या दाराशी फ्लॅटचा नंबर लिहिलेला नसतो. बटणासमोर असतं ते आडनाव, आणि पोस्टमन पत्र टाकतो तेही त्या आडनावावरूनच. वरच्या बटणावर म्युलर, म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. खाली श्मिट, म्हणजे लोहार. ही आडनावं देशभर लाखो लोकांची आहेत. त्यांच्या खालचं नाव मात्र पुष्कळ जर्मन माणसांनाही उलगडत नाही. त्साइडलर.

उच्चारापासूनच गडबड होते. इंग्रजीच्या सवयीनं कुणी झेडलर वाचतं, कुणी झीडलर. पण जर्मनमध्ये पहिल्या अक्षराचा उच्चार ‘त्स’ होतो आणि पुढच्या दोन स्वरांचा मिळून ‘आय’. म्हणून त्साइडलर.

अर्थ असा: जंगलातल्या जिवंत झाडाच्या खोडात ढोली कोरून त्यात मधमाश्या वसवणारा आणि त्यांचा मध काढणारा माणूस. घरामागे पेट्या ठेवणारा मधपाळ वेगळा. त्साइडलरच्या माश्या झाडावर राहायच्या आणि मधासाठी त्यालाच झाडावर चढावं लागायचं.

[दृश्य: जुन्या हस्तलिखिताचं पान. त्यावर बोट फिरतं.]

जुन्या जर्मनमध्ये हा शब्द ‘त्सीडलारी’ असा होता, मध्ययुगात त्याचा ‘त्सीडलेरं’ झाला. त्यानंतर जर्मन भाषेत एक मोठा ध्वनिबदल झाला आणि दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला. ‘माझं’ या अर्थाच्या ‘मीन’चा ‘माइन’ झाला, तो याच बदलात. त्यातूनच त्सीडलेरंचा त्साइडलर झाला.

याचंच भावंड म्हणजे त्साइटलर. दक्षिण आणि मध्य जर्मनीतल्या बोलींमध्ये ‘ड’ आणि ‘ट’ कानाला जवळपास एकच ऐकू येतात. नोंद करणारा पाद्री ऐकेल तसं लिहायचा, त्यामुळे एकाच घराण्यात दोन्ही रूपं सापडतात. आज बव्हेरियाच्या ईशान्य भागात त्साइटलर जास्त दिसतात आणि सॅक्सनीकडे त्साइडलर. जर्मनमध्ये ‘त्साइट’ म्हणजे वेळ. त्यामुळे त्साइटलर म्हणजे घड्याळजी, असा अर्थ अनेक जण लावतात. तो चुकीचा आहे. या आडनावाचा वेळेशी काही संबंध नाही, संबंध आहे तो झाडाशी.

[दृश्य: पहाटेचं पाइनचं जंगल. दोन माणसं दोर, कुऱ्हाड आणि लांब दांड्याची पटाशी घेऊन चालली आहेत.]

हे जंगल पोलंडच्या ईशान्येला, ऑगुस्तूव्हच्या परिसरात आहे. जर्मन आडनावाची गोष्ट सांगताना पोलंडमध्ये येण्याचं कारण साधं आहे. जर्मनीत ही कला पार मोडली. पोलंडमध्येही ती जवळपास संपली होती, पण या शतकाच्या सुरुवातीला रशियातल्या बश्किर कारागिरांकडून तिथल्या लोकांनी ती पुन्हा शिकून घेतली. पोलंड आणि बेलारूसमधली ही परंपरा 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. हत्यारं तीच आणि पद्धतही तीच, म्हणून त्साइडलरचं काम पाहायचं तर इथेच पाहावं लागतं.

आधी झाड निवडायचं. पाइन असेल तर उत्तम, ओक किंवा लिंडनही चालतं. झाड शंभर वर्षांच्या पुढचं हवं आणि ज्या उंचीवर कोरायचं तिथे खोड दोन हातांच्या कवेत न मावणारं हवं. खोड बारीक असेल तर ढोली कोरल्यावर मागची भिंत पातळ राहते आणि पहिल्या मोठ्या वादळात झाड तिथेच मोडतं. याच भीतीनं जुने त्साइडलर झाडाचा शेंडाच छाटून टाकत. शेंडा गेला की वाऱ्याची पकड कमी होते आणि खोड जाड होत जातं.

[दृश्य: दोराच्या वेढ्यांवर पाय रोवून माणूस वर चढतो. कमरेखाली छोटी फळी, तीच त्याची बैठक.]

ढोली जमिनीपासून किमान चार मीटर वर. अस्वलापासून बचाव आणि चोरापासूनही. चढायला शिडी नसते, एक लांब वळलेला दोर असतो. तो खोडाभोवती गुंडाळत, त्याच्याच वेढ्यांची पायरी करत वर जायचं. जागेवर पोचलं की दोराला अडकवलेल्या फळीवर बसायचं, कारण पुढचे दोन-तीन दिवस काम तिथेच चालणार असतं.

आता हातांकडे पाहा. आधी साल सोलली. मग कुऱ्हाडीनं एक उभी फट पाडली, उंची साधारण एक मीटर, रुंदी जेमतेम वीतभर किंवा त्याहूनही कमी. ही फट अरुंद ठेवणं ही या कामातली पहिली शिस्त. झाडाचं पाणी बाहेरच्या ओल्या लाकडातून वर चढतं, आतला गाभा मेलेलाच असतो. गाभा कितीही पोखरला तरी झाड जगतं, पण बाहेरची जिवंत पट्टी रुंद कापली तर ते वरून वाळायला लागतं. म्हणून तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत वाकस आणि पटाशीनं दोन्ही बाजूंना तासत जायचं, रुंदी फूटभर होईपर्यंत.

[दृश्य: पटाशीचं पातं अगदी जवळून. पिवळसर ढलपी सुटते, मागे राळेचा थेंब फुगून येतो.]

ढोलीचं छत सपाट ठेवत नाहीत, घुमटासारखं गोल तासतात. हिवाळ्यात माश्यांच्या उबेनं आत वाफ धरते. छत सपाट असेल तर तिचं पाणी थेट माश्यांच्या घोसावर ठिबकतं. घुमटावर ते बाजूनं ओघळून जातं.

माश्यांचं येण्याजाण्याचं भोक मोठ्या फटीत नसतं, तिच्या काटकोनात, खोडाच्या बाजूला पाडतात. आतून बाहेर उतरतं, म्हणजे पाऊस आत जात नाही. त्या भोकात कठीण लाकडाची पाचर ठोकतात, कारण सुतारपक्षी भोक मोठं करतो आणि मग मार्टेन नावाचं मुंगसासारखं जनावर त्यातून पंजा घालतं. अस्वलासाठी भोकासमोर दोराला एक जड ओंडका टांगत. अस्वल तो ढकलायचं, ओंडका परत येऊन त्याच्यावर आदळायचा. चिडून ते आणखी जोरानं ढकलायचं आणि शेवटी खाली पडायचं.

एवढं करूनही माश्या लगेच येत नाहीत. ताज्या ढोलीत ओल आणि राळ असते. ती एक-दोन वर्षं तशीच वाळू द्यावी लागते. घाई केली तर पोळ्याला बुरशी धरते. वाळल्यावर छताला जुनं मेण चोळतात, पोळ्याचे दोन-चार तुकडे खुंट्यांवर लावतात आणि फट फळीनं बंद करतात. मग वसंतात एखादा थवा येण्याची वाट पाहायची.

[दृश्य: खोडावर कुऱ्हाडीनं खोदलेली खूण. दोन तिरक्या रेघा आणि एक आडवी.]

ही मालकाची खूण. प्रत्येकाची वेगळी. आडनावं ठरण्याच्या आधीपासून आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही ही खूण वाचता यायची. तिथून पुढे ‘त्साइडलर’ हा शब्द माणसाला चिकटला.

[दृश्य: फॉइश्टमधली त्साइडलरश्लॉस ही जुनी वास्तू, मग तिथल्या त्साइडेल संग्रहालयातल्या वस्तू.]

फॉइश्ट हे न्यूरेंबर्गच्या आग्नेयेचं, एके काळी शाही जंगलाच्या मधोमध असलेलं गाव. 1350 मध्ये राजा चौथ्या कार्लनं, जो पुढे पवित्र रोमन सम्राट झाला, इथल्या त्साइडलरांचे हक्क लेखी बांधून दिले. त्यांचं स्वतःचं न्यायालय फॉइश्टमध्ये भरायचं. त्यांना धनुष्ययंत्र बाळगायचा अधिकार होता, त्याबदल्यात सम्राटाच्या चाकरीला जावं लागे. कर मधात आणि मेणात भरायचा. तेव्हा मध हाच गोडवा आणि चर्चच्या मेणबत्त्यांना मधमाशीचंच मेण लागायचं. या जंगलाला साम्राज्याची मधमाश्यांची बाग म्हणत. न्यूरेंबर्गची लेबकूखन ही मसाल्याची बिस्किटं नावारूपाला आली, तीही या मधाच्या जोरावर.

मग हे आडनाव म्युलरसारखं का पसरलं नाही?

धान्य दळायची गरज गावोगाव होती, म्हणून चक्की गावोगाव होती. गावात चक्कीवाला एकच असल्यामुळे त्याला त्या नावानं ओळखणं सोयीचं होतं. देशभर हजारो ठिकाणी म्युलर हे आडनाव स्वतंत्रपणे तयार झालं. त्साइडलरला मात्र मोठी, जुनी झाडं असलेलं जंगल लागायचं आणि त्या जंगलातला हक्कही. हा हक्क ठरावीक जमिनींना जोडलेला होता. उत्तरेकडे ल्यूनेबर्गच्या माळावर झाडं नव्हती, तिथे पेंढ्याच्या टोपल्यांत माश्या पाळत, त्यामुळे त्या भागात हे नाव जन्मलंच नाही. शिवाय जिथे अख्खी वस्तीच त्साइडलरांची असे, तिथे त्या नावानं कुणाला हाक मारणार? नाव चिकटायचं ते एकट्यादुकट्याला, वस्तीबाहेर गेलेल्याला.

आज मधपाळाला जर्मनमध्ये ‘इमकर’ म्हणतात. तरीही इमकर हे आडनाव फारसं आढळत नाही, कारण हा उत्तरेकडचा शब्द देशभर रुळेपर्यंत आडनावं कधीच ठरून गेली होती.

[दृश्य: चर्चची जन्मनोंदवही. तिरक्या, टोकदार अक्षरांची ओळ.]

हे नाव जुन्या नोंदींत शोधणाऱ्यांनी इथे नीट पाहावं. ही कुरेंट, म्हणजे जर्मनची जुनी हस्तलिपी. हिच्यात ‘ए’चं अक्षर दोन उभ्या फटकाऱ्यांचं असतं आणि ‘एन’सारखं दिसतं. त्यामुळे नवख्या माणसाच्या वाचनात नावाचं दुसरं अक्षरच बदलून जातं. ‘आय’च्या जागी अनेकदा ‘वाय’ असतो. बाईचं नाव असेल तर शेवटी ‘इन’ जोडलेलं: त्साइडलरिन. शोधताना हे रूप धरलं नाही तर आई, आजी, पणजी सगळ्या निसटतात. आणि दर वेळी सगळी रूपं शोधावी लागतात, त्साइडलरबरोबर त्साइटलरही. स्पेलिंग पक्कं झालं ते बऱ्याच उशिरा, 1876 पासून देशभर सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर. त्या कारकुनानं जे लिहिलं, तेच आजही दाराच्या पाटीवर आहे.

आणखी एक चकवा आहे. प्रत्येक त्साइडलरचा पूर्वज झाडावर चढलाच असेल असं नाही. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्साइडलर नावाचं गावच आहे. तिथून आलेल्या माणसालाही हेच आडनाव मिळू शकतं. त्या गावाचं चेक नाव ब्रत्निकी, आणि ब्रत्निक म्हणजेही झाडावरचा मधपाळ. पोलिशमध्ये तोच बार्तनिक होतो आणि तेही आडनाव आहे. रेगन्सबुर्गजवळचं त्साइटलार्न हे गाव म्हणजे मुळात ‘त्साइडलरांच्या वस्तीजवळ’. सोळाव्या शतकातल्या विद्वानांना आपलं नाव लॅटिनमध्ये करायची हौस होती. बीनेवित्स आडनावाच्या एका नकाशाकारानं ‘बीने’ म्हणजे मधमाशी एवढा धागा धरून लॅटिनमधलं मधमाशीचं नाव घेतलं आणि तो पेटर आपिआन झाला.

[दृश्य: प्रयोगशाळेतली काचेची भांडी, जुनं छायाचित्र.]

हे आडनाव लावणारे लोक आज काही हजार आहेत. लाइप्झिगमधल्या माक्स प्लांक गणित संस्थेचे संस्थापक-संचालक एबरहार्ड त्साइडलर होते. टोरोंटोचं ईटन सेंटर उभारणाऱ्या वास्तुशिल्पकाराचं नावही तेच. आणि 1874 मध्ये स्ट्रासबुर्गला ऑथमार त्साइडलर या रसायनशास्त्रज्ञानं डीडीटी पहिल्यांदा तयार केलं. त्यानं कीटक मरतात हे त्याला माहीत नव्हतं. ते 1939 मध्ये पाउल म्युलरनं दाखवलं आणि 1948 चं नोबेल त्याला मिळालं.

[दृश्य: कापलेल्या ओंडक्यांच्या राशी.]

साखर आली, लाकडाला किंमत आली, धर्मसुधारणेनंतर मेणबत्त्या कमी झाल्या, तीस वर्षांच्या युद्धात जंगलं आणि गावं उजाड झाली. खोड पोखरणं म्हणजे लाकडाचं नुकसान, असं ठरवून वनखात्यांनी ते बंद केलं. 1945 नंतर सायलेशिया (आज मुख्यतः पोलंडमध्ये) आणि बोहेमियातून हाकललेली त्साइडलर कुटुंबं पश्चिमेला विखुरली. आपल्याकडे वतन गेलं तरी कुलकर्णी हे आडनाव राहिलं, तसं तिथे काम गेलं आणि नाव उरलं.

[दृश्य: सप्टेंबर. तोच माणूस पुन्हा ढोलीसमोर. धुराडं, लांब लाकडी सुरी, लिंडनच्या लाकडाची बादली.]

मध वर्षातून एकदाच. फळी काढली, थोडा धूर दिला, माश्या वर सरकल्या. सुरी खालच्या पोळ्यांवरच चालते. वरचा भाग माश्यांचा, हिवाळ्यासाठी. मध्य युरोपातल्या थंडीत एका वसाहतीला दहा-पंधरा किलो मध लागतो, त्याहून कमी ठेवला तर मार्चपर्यंत ढोली रिकामी होते. यंदा उन्हाळ्यात पाऊस फार झाला होता, वरची पोळीही अर्धीच भरली होती. त्यानं एकच तुकडा कापला, फळी लावली, तिच्यावर डहाळ्यांची जुडी बांधली आणि दोराचे वेढे सोडत खाली उतरला.